दुसऱ्या दिवशीची सुई

खडकवाडी
पौष महिना, सन १९४४, सोमवार

उत्तरेश्वर यास लालबीचा सलाम.

तुझं टपाल परवा मिळालं. मळ्यात जाऊन काकूला वाचून दाखवलं. काकूच्या दंडाची सूज उतरली आहे. पहिले तीन दिवस कूस बदलता येत नव्हती, आता भाकरी थापते. मला म्हणाली, "लिही त्याला, आईला टोचताना तरी जरा हळू टोचायचं की." तिचं ऐकून मी हसले, पण तेवढंच.

तू गेल्यापासून मोहल्ल्यात चार माणसं पडली. गफारची बायको, जमिलाबीचे दोन्ही लेक, आणि मशिदीमागची म्हातारी. पैकी म्हातारी गेली. जांघेत गाठ आली होती. प्लेगची सुई या चौघांनीही घेतली होती. मी स्वतः त्यांचे हात धरले होते, म्हणून मला पक्कं आठवतं.

एक विचारायचं आहे. पहिल्या दिवशी ज्यांना टोचलं, त्यांचे सगळ्यांचे दंड सुजले, अंगात ताप भरला. मी तर दोन दिवस बांगड्यांची पेटी उचलू शकले नाही. दुसऱ्या दिवशीवाल्यांना मात्र काहीच झालं नाही. तू निघण्याआधीच मी तुला हे बोलले होते. तू म्हणालास, काही अंगं मुळातच घट्ट असतात. आता चव्वेचाळीस माणसांची अंगं एकाच दिवशी घट्ट कशी निघाली, एवढं मला समजावून लिही. मी अडाणी आहे, तू शिकलेला आहेस.

पाटलाच्या गल्लीतली सगळी माळावर आहेत. हिंमतराव पाटलांनी त्यांच्यातल्या एकालाही सुई घेऊ दिली नाही. सुई सरकारची, सरकार निजामाचं, बायका वांझ करतील, असं चावडीवर बोलले ते तुझ्यासमोरच बोलले. पण उंदीर पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गाव सोडलं. तिकडं अजून कुणी पडलं नाही. दादामियाँ काल मला म्हणाले, "लालबी, आपण बी निघावं का?" मी म्हणाले, उत्तरेश्वर सांगून गेलाय, सुई घेतली की घर सोडायची गरज नाही. आणि निघून जाणार तरी कुठं? मोहल्ल्यात तीस उंबरे, पण जमीन कुणाच्या नावावर वीतभर नाही.

तरी तू एकदा लिही. निघायचं का राहायचं? तुझा शब्द आला की मग कुणी बोलणार नाही.

माझी लेक गुलबानो येरमाळ्याहून आलेली आहे ती अजून माझ्याकडंच आहे. बरी आहे. काल जरा अंग गरम होतं, पण थंडी लई आहे.

लवकर ये.

लालबी


खडकवाडी
माघ महिना, सन १९४४

डाक्टरसाहेब,

तुमच्या वडिलांच्या ओसरीवर आपण दोघं एका पाटीवर धुळाक्षरं गिरवली. तेव्हापासून मी तुम्हाला कधी अहोजाहो केलं नाही. आजपासून करते. ज्याला मी अरेतुरे करत होते तो माणूस आता मला कुठं सापडत नाही.

गुलबानो गेली. मागच्या पत्रात मी अंग गरम आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. लिहीत होते तेव्हा तिच्या काखेत गाठ आलेली होती. मी ती पाहिली होती. पण सुई घेतलेल्या माणसाला प्लेग होत नाही असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून मी ती गाठ दुसरीच कसली तरी आहे असं धरून बसले. कागदावर लिहिलं की खरं होईल, अशी भीती वाटली. चौथ्या दिवशी ती कुणाला ओळखेना. मला "काकी" म्हणाली. पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत गेली.

तिच्या सासरी, येरमाळ्यात, एकही उंदीर पडला नव्हता. मीच निरोप धाडला होता. 'आपला उत्तरेश्वर सुई घेऊन आलाय, लगोलग ये.' ती बैलगाडीनं आली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. रांगेत जमिलाबीच्या लेकांच्या मागं उभी राहिली. परक्या पुरुषापुढं दंड उघडा करायचा म्हणून लाजत होती. मी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, परका कुठला, मामा आहे तुझा. तुम्ही हसलात. हसून टोचलंत.

ती गेल्यावर आठव्या दिवशी धाराशिवाहून एक म्हातारे डॉक्टर आले, सिद्रामप्पा नावाचे. घोड्यावरून आले, तोंडाला फडकं बांधून घरोघर फिरले. तोवर तेरा माणसं गेली होती. त्यांनी मला बोलावलं, कारण सगळे म्हणाले की लालबीला ठाऊक आहे, तिनं हात धरले. मला विचारलं, कुणाला कधी टोचलं? मी सांगितलं. बांगड्या भरणारी मणेरीण मनगटं विसरत नाही. कोणत्या हातात कोणती बांगडी जाते ते मला अंधारातही सांगता येतं.

पहिल्या दिवशीचे पन्नास, त्यांत एक गेला. दुसऱ्या दिवशीचे चव्वेचाळीस, त्यांत बारा गेले.

डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "बाई, खडकवाडीसाठी पन्नास माणसांचंच औषध निघालं होतं."

मी म्हणाले, "मग दुसऱ्या दिवशी काय टोचलं?"

ते म्हणाले, "पाणी असेल. उकळलेलं. त्यानं अपाय होत नाही."

अपाय होत नाही! माझी लेक तिकडं मातीत होती आणि ते मला हे सांगत होते. ते वाईट नव्हते. पण जाताना त्यांनी मला हात जोडले. "हे तुमच्यापाशीच राहू द्या. बाहेर फुटलं तर जिल्ह्यात पुन्हा कुणी दंड पुढं करणार नाही. लाखभर लोकांचा जीव आहे."

लाखभर लोकांची गोष्ट मला कळत नाही. मला एवढंच सांगा, ते पाणी होतं का? व्हय की नाही, एका शब्दात लिहा. तुमच्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

लालबी


खडकवाडी
आषाढ, सन १९४४

डाक्टरसाहेब,

चार महिन्यांनी का होईना, तुमचं उत्तर आलं. पाच पानांचं आहे. 'व्हय' हा शब्द मला तिसऱ्या पानावर सापडला.

तुम्ही लिहिता, पहिल्या दिवशी संध्याकाळी औषध संपलं. सकाळी उठून पाहिलं तर तुझ्या दारापासून मशिदीपर्यंत रांग. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत त्या उन्हात उभ्या. त्यांना परत पाठवलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या. त्यांचा भरवसा मोडू नये म्हणून तसं केलं. आठ दिवसांत खरं औषध आणून पुन्हा टोचणार होतो, पण कळंबला साठा आलाच नाही.

हे सगळं मी खरं धरते. तुम्ही मुद्दाम कुणाला मारणारे नाही, हे मी तुमच्या लहानपणापासून जाणते. पण 'घर सोडायची गरज नाही' असं तुम्ही दादामियाँना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, निघताना, गाडीत पाय ठेवून. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. औषध संपलं होतं, जीभ तर संपली नव्हती? 'औषध पुरलं नाही, तुम्ही ओढ्याकाठी जाऊन राहा' एवढं बोलला असता तर आम्ही सतरंज्या घेऊन निघालो असतो. पाटलानं रानातून हुसकलं असतं तर दुसरीकडं बसलो असतो. निदान ताप आल्यावर मी जे टपाल टाकलं त्याला तरी उत्तर द्यायचं होतं.

पाटलाच्या लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, ते जगले. आम्ही ठेवला. सरकार आपलं, सुई आणणारा आपल्या शेजारचा, हात धरणारी आपली लालबी, असं म्हणून ठेवला.

तुम्ही लिहिता, कुणी विचारलं तर अल्लाची मर्जी होती असं सांग. हे सांगायला तुम्ही मला शिकवू नका.

आता माझं ऐका. मीही चार महिने गप्प आहे. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या जोडलेल्या हातांमुळं असेल, नाहीतर मीच तुम्हाला गावात आणलं याची लाज असेल. माझ्या गप्प बसण्यानं काय झालं ते सांगते. मोहल्ल्यात बोलतात की उत्तरेश्वर हिंदू होता, त्यानं मुसलमानांना मुद्दाम विष टोचलं. दादामियाँसारखा शहाणा माणूससुद्धा मला म्हणाला, "आपल्या माणसांना येगळी बाटली व्हती, लालबी. त्याच्या आईला बघ, धडधाकट हाय." मी व्हय म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तुम्ही विष टोचलं नाही हे सांगायचं तर काय टोचलं हेही सांगावं लागतं.

चावडीवर हिंमतराव मिशीवर हात फिरवतात. "आमी सांगत न्हवतो का? त्यांच्याच सरकारनं त्यांनाच मारलं." गेल्या महिन्यात देवीची लस टोचायला माणूस आला होता. मोहल्ल्यानं त्याला वेशीवरून परतवला आणि पाटलाच्या गल्लीनंही. एवढ्या एका गोष्टीत गाव एक झालं.

काकू दर बाजाराला विचारते, माझ्या लेकाचं टपाल आलं का? ही पाच पानं घेऊन मी तिच्यापुढं बसले. वाचलं काय, तर तुम्ही बरे आहात, खाणावळीत ज्वारीची भाकरी मिळत नाही, आणि आईचे गुडघे कसे आहेत असं विचारलंत. काकू म्हणाली, "लई मायाळू हाय माझं पोरगं." मी कागदाची घडी घातली. तुमच्यासाठी मी खोटं वाचते, डाक्टरसाहेब. तुम्ही मला ते कामही लावलंत.

लालबी


खडकवाडी
कार्तिक, सन १९४४, बुधवार

डाक्टरसाहेब,

उंदीर पुन्हा पडू लागले आहेत. हे तुम्हाला ठाऊक असणारच, कारण त्याआधीच तुमचं पत्र आलं. लिहिता की या खेपेला औषध भरपूर आहे, स्वतः पारखून धाडतो आहे, तू पुन्हा बायकांचे हात धर, तुझ्याशिवाय कुणी यायचं नाही. आणि शेवटी, मी स्वतः येऊ शकत नाही, लोक माझ्या अंगावर येतील.

मी उलट टपाली दोनच ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही या, मोहल्ल्यात उभे राहून तुमच्या तोंडानं सांगा, मी शेजारी उभी राहते, आधी दगड मला लागेल. शुक्रवारपर्यंत वाट पाहिली. शुक्रवारी सिद्रामप्पा डॉक्टर आले आणि त्यांच्याबरोबर शांतलिंग नावाचा नवा टोचणारा. तुम्ही नाही.

आदल्या दिवशीच मी मळ्यात गेले होते. काकू शेंगा फोडत होती. मी म्हणाले, "काकू, आजवर मी तुला लेकाची पत्रं खोटी वाचली. आता खरी वाचते." आषाढातलं पाच पानी पत्र वाचलं आणि नंतर हे नवं. मध्ये कुठं थांबले नाही. काकूचे हात थांबले.

ती म्हणाली, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मला टोचली ती कोणत्या दिसाची?"

"पहिल्या."

"त्याला ठावं व्हतं व्हय, औशिद किती हाय ते?"

"व्हय, काकू. त्याला आधीपासून ठाऊक होतं."

सत्तरीची बाई. रडेल म्हणून मी जवळ सरकले, तर तिनं मला हातानंच लांब केलं. पदर खोचला आणि गावाकडं चालू लागली. मी मागून. पाटलाच्या गल्लीतून सरळ मोहल्ल्यात शिरली. माणूस गेलेल्या प्रत्येक घरापुढं गेली, पहिल्या दिवशीच्या त्या एका घरापुढंसुद्धा. प्रत्येक उंबऱ्याबाहेर मातीत बसायची आणि म्हणायची, "माझ्या लेकानं दुसऱ्या दिसाला पाणी टोचलं. इख न्हवतं, पाणी व्हतं. तुमाला सांगितलं न्हाय. ते सांगायला आले." गफारनं दार लावून घेतलं. एका घरात बायका ओरडल्या. जमिलाबी बाहेर आली आणि म्हणाली, "तुमी कशाला आलाव? त्याला पाठवा." काकू म्हणाली, "त्यो येत न्हाय. त्याला मीच जलम दिला, म्हणून मी आले."

माझ्या गप्प बसण्याचं मात्र तिनं काही सांगितलं नाही. ते मला सांगायचं होतं. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर सगळे जमले होते, डॉक्टर पेटी उघडून बसले होते. पाटलाच्या गल्लीतलेही पारावर येऊन थांबले होते, गंमत बघायला. मी उभी राहिले. पुरुषांपुढं मोठ्यानं बोलायची माझी ती पहिली वेळ. दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगितलं. माघापासून मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले, तेही सांगितलं. डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं, हे त्यांच्याकडं बोट करून सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, खोटं आहे म्हणाले नाहीत.

दादामियाँ माझ्यापुढं आले. वाटलं, मारतील. म्हणाले, "तू हात धरलास, लालबी. माझ्या सुनेचा हात तू धरलास." आणि वळून गेले. त्यांच्यामागं निम्मी माणसं गेली.

जमिलाबी गेली नाही. तिचे दोन्ही लेक गेलेले, मागं एक लेक राहिली, तिला पुढ्यात घेऊन उभी होती. मला म्हणाली, "ह्या बाटलीत खरं औशिद हाय का?"

डाक्टरसाहेब, तुम्ही असता तर 'व्हय' म्हणाला असता. मागच्या वर्षी मीही म्हणाले होते. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी बाटली भरताना पाहिली नाही. डॉक्टर म्हणतात खरं आहे. सुई घेतली तरी गाव सोड. एवढंच मला सांगता येतं."

तिनं माझ्याकडं एकटक पाहिलं. मग लेकीची बाही वर केली. "हात मी धरते," म्हणाली. "तू बाजूला हो."

मी बाजूला झाले.

त्या दिवशी मोहल्ल्यातल्या एकवीस जणांनी सुई घेतली. पारावरून उठून पाटलाच्या गल्लीतल्या नऊ बायका आल्या. त्यांत हिंमतरावांच्या घरच्या धुरपदाबाईही होत्या. हिंमतराव ओरडत राहिले, धुरपदाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. मागच्या वर्षीच्या चौऱ्याण्णवांपुढं हे काहीच नाही. बाकीचे आता कधी येतील ते मला सांगता येत नाही. कदाचित येणारच नाहीत.

पण गाव सगळं रिकामं झालं आहे. मोहल्ल्याची खोपटी तुमच्या ओढ्याकाठच्या रानात पडली आहेत. काकूनं दिलं रान. हिंमतराव आडवे आले होते, म्हणाले, "लेकाला विचारलंव का?" काकू म्हणाली, "त्यानं इचारलं व्हतं का?" पेरलेली ज्वारी तुडवली गेली. यंदा तुम्हाला त्या रानाचं काही यायचं नाही.

तहसिलीतून माणूस आला होता, माझा जबाब लिहून घेऊन गेला. मी सगळं सांगितलं आहे, तुमच्या चांगल्या गोष्टींसह. तुमच्या नोकरीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. माझा धंदा मात्र बसला. मोहल्ल्यातली कुठलीच बाई मला हात देत नाही. जमिलाबीसुद्धा नाही. आठवड्याच्या बाजारी येरमाळ्याला जाऊन बसते, तिथं मला कुणी फारसं ओळखत नाही.

शेवटच्या पत्रात तुम्ही काकूसाठी वेगळी चिठ्ठी घातली होती. ती मी तिच्यापुढं धरली. तिनं हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली. तिला अक्षर कळत नाही. मला परत दिली नाही, वाच म्हणालीही नाही. चुलीपाशी गेली आणि आत सरकवली.

तेव्हा यापुढं टपाल टाकू नका. तुमच्या आईला वाचून दाखवणारं आता इथं कुणी नाही.

लालबी